जे जिथं, ते तिथंच

गेल्या वीस वर्षांत भारतानं क्रिकेटच्या जेवढ्या म्हणून मॅचेस जिंकल्या, त्यातल्या निम्म्या तरी एकोडीच्या माझ्या साडूनं जिंकून दिल्या आहेत. उरलेल्या निम्म्या कशा जिंकल्या ते मला माहीत नाही. हरल्या त्या मात्र सगळ्या गावात लाइन नव्हती म्हणून हरल्या. या माणसानं आयुष्यात कधी बॅट हातात धरली नाही. लहानपणी विटीदांडू खेळताना विटी स्वतःच्याच कपाळावर मारून घेतली, तेवढाच त्याचा मैदानाशी संबंध. पण घरच्या ओसरीत, खाटेच्या डाव्या कोपऱ्यात उजवा पाय दुमडून तो बसला की सात समुद्रापलीकडच्या बॉलरचा हात कापतो, असं त्याचं म्हणणं होतं आणि मी ते अर्धंअधिक मानत होतो. अर्धंअधिक म्हणजे सगळंच. भंडाऱ्याला पितळी भांडी विकण्यात माझा जन्म गेला, ठोकून वाजवून पाहिल्याशिवाय मी कशावर भरवसा ठेवत नाही. पण मीसुद्धा मॅचच्या दिवशी दुकानाचं शटर ओढून एकोडीसाठी साकोलीची एसटी धरायचो आणि खाटेच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन बसायचो. ती माझी नेमलेली जागा होती. त्याची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. त्याची थोरली, माझी धाकटी. मी त्याला साडभाऊ म्हणतो आणि तो मला शेठ म्हणतो, तेही दुकानात गिऱ्हाईक नसलं की जरा मोठ्यानं.

त्याचा कायदा एका ओळीचा होता. जोडी जमली की जे जिथं, ते तिथंच. कुणी उठायचं नाही, कूस बदलायची नाही, खाजवायचं असेल तर मनात खाजवायचं. एकदा धानाच्या रोवण्याचे दिवस होते आणि मॅच विलायतेत. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बारा बाया चिखलात ओळीनं वाकलेल्या, हा धुऱ्यावर, बांधावर, मोबाइल कानाला लावून उभा. आठ विकेट पडलेल्या आणि नवव्या जोडीनं कशी कोण जाणे, तग धरली. हा एकदम ओरडला, "थांबा वं! जे जिथं, ते तिथंच!" बाया हातात पऱ्ह्याची, रोपांची, जुडी धरून तशाच वाकून राहिल्या. त्यातल्या एका म्हातारीनं वाकल्या वाकल्याच विचारलं, "काहून गा, साप निंगाला का?"

"साप नाही माय, जोडी जमली हाय."

"तं लगन लावून दे ना मंग! आमची कंबर कायले मोडून राहिला?"

त्या बांधीत त्या वर्षी धान वाकडंच उगवलं, असं गावात सांगतात. म्हणजे मीच सांगतो, पण आता गावालाही ते खरं वाटायला लागलं आहे.

याहून कहर त्यानं त्याच्या चुलत्याच्या मातीला केला. आपल्याकडे मयत नेताना अर्ध्या वाटेवर विसावा देतात. तिरडी खाली टेकवायची, मागचे खांदे पुढे, पुढचे मागे, आणि मग घाटावर. हा पुढचा डावा खांदा धरून चाललेला, कानात वायर. विसाव्याची जागा आली. बाकीचे टेकवायला वाकले, तर हा म्हणतो, "टेकवू नका. खांदाही बदलू नका. सत्त्याण्णववर हाय." मोहाच्या झाडाखाली चौघंजण चुलत्याला खांद्यावर घेऊन तीन ओव्हर उभे. मागच्या बायांना वाटलं, मयताची काही इच्छा राहिली असेल म्हणून पाऊल पुढे पडत नाही. त्यांनी रडणं आणखी वाढवलं. शंभर झाले तेव्हा कुठे चुलता खाली टेकला. "काकालेही मॅचचा शौक होता," हे त्याचं स्पष्टीकरण. काकाला शौक होता तो फक्त दातांना गुडाखूची तंबाखू घासण्याचा.

या सगळ्या फौजेत त्याचा हुकमाचा एक्का म्हणजे ताई, त्याची बायको. त्याला आणि मला मिळून लागलेला शोध असा की, ताई सैपाकघराच्या उंबरठ्यावर बसली की विकेट पडत नाही. योगायोग म्हणावा तर तो निदान पंधरा वेळा झाला. मग कायदाच झाला. आपली माणसं पटापट बाद व्हायला लागली की हा आत बघून हाक मारायचा, "ये वं, बस!" आणि ताई हातातलं काम घेऊन उंबरठ्यावर येऊन बसायची. तिला क्रिकेटमधलं एक अक्षर कळत नव्हतं. टीव्हीकडे पाठ करून ती लाखोरीची डाळ निवडायची आणि विचारायची, "झालं का तुमचं? माह्या चुलीवरचं करपलं." आम्ही दोघं एका सुरात ओरडायचो, "हलू नको!" ती हसायची आणि बसून राहायची. तिच्या हातची करपलेली वांग्याची भाजी मी जेवढी खाल्ली तेवढी जिल्ह्यात कुणी खाल्ली नसेल, आणि प्रत्येक घास विजयाचा होता.

आता इथून पुढचं मला वाढवून सांगता येत नाही.

सव्वातीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारची वेळ, मॅच रंगात आलेली, ताई उंबरठ्यावर. साडभाऊ डाव्या कोपऱ्यात, मी उजव्या. सहा ओव्हर राहिल्या असतील. ताई म्हणाली, "मले कसंतरी होऊन राहिलं. हात जड झाला." साडभाऊनं मान वळवली. तो काही बोलायच्या आत मी, मी हसत हसत म्हणालो, "ताई, हलू नका. थोडंच राहिलं." ती माझ्याकडे बघून हसली. अर्ध्याच तोंडानं हसली. आम्हाला वाटलं, वैतागून हसते आहे. साडभाऊनं मान परत टीव्हीकडे वळवली.

आपण जिंकलो. आम्ही दोघं म्हातारे खाटेवरून उठून नाचलो. नाचून झाल्यावर तो तिला म्हणाला, "झालं वं आता, ऊठ." ती उठली नाही. डाळीचं सूप मांडीवर कलंडलं होतं आणि डावा हात त्यात तसाच पडून होता.

आधी साकोली, मग भंडारा. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून असं वाटत होतं यांना?" साडभाऊ म्हणाला, "चव्वेचाळिसाव्या ओव्हरपासून." त्याला घड्याळाची वेळ सांगताच येईना. चौथ्या दिवशी ताई गेली. लवकर आणलं असतं तर वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायची माझी हिंमत नव्हती.

माझ्या बायकोनं मात्र विचारलं, डॉक्टरांना नाही, आम्हाला. ताई गेल्यावर तिसऱ्या दिवशी, एकोडीच्या ओसरीत, माणसांदेखत. तिला भिंतीआडून ऐकलेल्या शेजारणीकडून कळलं होतं की ताईनं हात जड झाल्याचं सांगितलं होतं आणि कुणीतरी तिला बसवून ठेवलं. "कोन म्हनलं माह्या बहिनीले हलू नको म्हणून?" मी तोंड उघडलं, अजून आवाज फुटायचा होता, तोवर साडभाऊ भिंतीकडे बघत म्हणाला, "मी."

त्या दिवसापासून माझी बायको त्याच्याशी बोलली नाही. तो दुकानात आला तर ती घरून डबा पाठवायची, एकाचाच. कधी घरी आलाच तर ती माझ्याकडे बघून म्हणायची, "त्यांना सांगा, पानी माठात आहे." तो मान खाली घालून माठातलं पाणी घ्यायचा, पेला विसळून पालथा ठेवायचा आणि निघायचा. मी रोज ठरवायचो की आज सांगू. सकाळी ठरवायचो, जेवताना मोडायचो. असं मी एक हजार वेळा ठरवलं, आणि हा आकडा फुगवलेला नाही.

इकडे साडभाऊनं टीव्ही गावच्या शाळेला देऊन टाकला आणि नवाच छंद लावून घेतला. कुणी गप्प बसलेलं त्याला बघवेना. एसटीत शेजारचा माणूस डुलकी घेऊ लागला की हा त्याचा खांदा हलवायचा, "बरं हाय ना जी? हात उचलून दाखवा." पारावर, लग्नात, कीर्तनात, कुणी जरा टेकून बसलं की याचा हात त्याच्या खांद्यावर. कीर्तनकार डोळे मिटून अभंगात शिरलेले, तर यानं त्यांनाही हलवलं. माणसं चिडायची. काही बाया तर त्याला बघितलं की लांबूनच दोन्ही हात हलवून दाखवायच्या, "बरी हावो जी, बरी हावो!"

त्याचा मुलगा मेलबर्नला असतो. दोन वर्षं तो बापाला बोलवत होता, बाप जाईना. शेवटी म्हणाला, "शेठ येत असन तं येतो." मुलगा माझ्या मागे लागला, "मावसाजी, तुम्ही या, म्हणजे बाबा येतील." बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "तुम्ही जा. मी त्या मानसासोबत उंबरठ्याबाहेरही जानार नाही." धान कापून, मळून झालं आणि आम्ही निघालो. विमानात दिवे मंद झाले, तीनशे माणसं झोपली, आणि माझा साडू ताठ उठून बसला. एवढी माणसं एकदम गप्प! त्यानं पलीकडच्या आडदांड गोऱ्याला हलवलं. गोरा दचकून उठला, याचा चेहरा बघितला आणि काय समजला कोण जाणे, याचाच हात हातात घेऊन थोपटत राहिला. उतरेपर्यंत दोघांनी एकमेकांना मिळून सात वेळा विचारलं, बरं आहे ना. भाषा दोघांचीही दोघांना येत नव्हती.

मुलानं कसोटीची तिकिटं काढून ठेवली होती. साडभाऊ "नाही" म्हणाला, मग मुलाचा चेहरा बघून चपला शोधू लागला. तीन वर्षांत त्यानं एक बॉल बघितला नव्हता. मैदानाच्या पोटातल्या अंधाऱ्या बोळातून आम्ही वर आलो आणि समोर ते हिरवं एकदम उघडलं. भंडारा शहर घरादारासकट उचलून आणून बसवलं असतं तरी शेवटच्या रांगा मोकळ्या राहिल्या असत्या. साडभाऊ पायरीवरच थबकला. "बाप्पा," तो म्हणाला, "एवढी मोठी बांधी! याच्यात पानी कोन धरत असन?"

आपली बॅटिंग होती. दोन गडी लवकर गेले आणि मग जोडी जमली. माझा उजवा पाय आपोआप ताठ झाला, श्वास धरला. बाजूला बघतो तर साडभाऊ मैदानाकडे बघतच नव्हता. तो माणसं बघत होता. आमच्या पुढची पोरगी उठली, खाली गेली, बटाट्याचे काप घेऊन आली. एक आजीबाई रांगेतल्या सगळ्यांचे गुडघे तुडवत चार वेळा आल्या न् गेल्या. पलीकडच्या अख्ख्या भागातली माणसं हात वर करून एकामागून एक उठली, बसली, ती लाट सगळं मैदान फिरून आमच्यापर्यंत आली आणि आमच्याही बाजूचे उठले. हजारो माणसं उठत होती, नाचत होती, पाणी प्यायला जात होती. आणि मधोमध ते दोघं बॅट धरून उभे होते. तास झाला, दीड तास झाला. विकेट पडत नव्हती.

"शेठ," साडभाऊ म्हणाला. "इथं तं कोनीच जागेवर बसून नाही राहिलं."

मी त्याच्या नजरेमागून रांगांकडे बघितलं.

"टीवीत हे दिसत नाही ना गा. टीवीत फकस्त ते दोघं दिसतात." मग पाचव्यांदा निघालेल्या आजीबाईंकडे बघत, "एवढे लोक हलून राहिले. तरी जोडी टिकून हाय. म्हंजे ती उठली असती तं..."

चौकार गेला. सगळं मैदान गरजलं. एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. छातीच्या फासळ्यांत घुमत होता. त्या आवाजात मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "साडभाऊ, मी म्हनलो होतो तिले! मी!"

"मालूम हाय," तो म्हणाला. "भयरा नाही मी."

"मंग काहून अंगावर घेतलं?"

"तू म्हनला. पन वळून पाहून गप मीच राहिलो ना? माही बायको होती ते." त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "अन् तुले घरी जाऊन जेवाचं होतं, शेठ. माह्या घरी तं चूलच इझली होती. दोन घरं कायले इझवाची?"

परत आल्यावर पहिल्याच सकाळी, चहाच्या आधी, मी बायकोला सगळं सांगितलं. कोण म्हणालं, केव्हा म्हणालं, कसं हसत हसत म्हणालं. ती ऐकत राहिली. मग उठली, पातळ बदललं, पिशवी घेतली आणि एकटीच साकोलीच्या एसटीत बसली. संध्याकाळी साडभाऊचा फोन आला. "आली हाय इथं. पयले रडली. मंग घर झाडलं, सैपाक केला. मले 'भाऊजी' म्हनली."

आता तो दर रविवारी भंडाऱ्याला येतो. ती त्याच्या आवडीचं करते, शेजारी बसून वाढते, मुलाची खुशाली विचारते, "भाऊजी, अजून घ्या ना," म्हणते. माझं ताट ती झाकून ठेवते. परवा तो घास हातात धरून तिला म्हणाला, "बोल वं याच्यासंग. लय वाईट असते ते. मानूस घरात असते अन् आवाज येत नाही." ती उठून आत गेली. तो माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखा हसला आणि आपल्या ताटातली पोळी मोडून अर्धी माझ्या पुढ्यात ठेवली.

मला या अबोल्याचे चार महिने झाले. त्यानं तीन वर्षं काढली, आणि माझ्या घरी येऊन पाणी पिताना ‘आता तरी सांग’ म्हणून एकदाही माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही.