गाया आटल्या की अंदमान

माझ्या मामाएवढा अंदमानाला निघालेला माणूस उभ्या जुन्नर तालुक्यात सापडायचा नाही. आणि त्याच्याएवढा न गेलेलाही. खरं तर खूळ मामीचं. राजुरीच्या घरी नवा रंगीत टीव्ही आला, त्यात एकदा समुद्राच्या तळाची पोवळ्यांची बाग दाखवली, आणि लसूण सोलता सोलता मामी थांबलीच. "आवो, हे निळं मासं एकदा डोळ्यांनी बघायचं बरं का मला." लग्न झाल्यापासून तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. मामा ताडकन उठला. "बघायचं म्हंजे बघायचंच! अंदमानाला जायचं!" ओट्यावर बसलेले शेजारचे आण्णा तेवढे चपापले. "अंदमानाला? आरं, पण केलंय काय तुमी?"

पावसाळ्यात समुद्र खवळतो, म्हणून जायचं ते थंडीतच. पण घरात दोन गाया, आणि दोघीही मामीशिवाय कुणाला धार काढू द्यायच्या नाहीत. मामानं एकदा मामीचं लुगडं गुंडाळून बघितलं. गाईनं मान वळवली, त्याला नीट न्याहाळलं आणि बादलीसकट उडवला. मग त्यानं तोड काढली. दोघींना एकदमच गाभण ठेवायचं, म्हणजे विण्याआधी दोघी एकाच थंडीत आटतील, धार काढायची उरणार नाही आणि मामी मोकळी. झालं! एक गाभण राहिली की दुसरी उलटायची, पुन्हा माजावर यायची, दुसरी राहीपर्यंत पहिली व्यायलेली. जनावरांच्या डॉक्टरचे मामा पायच धरायचा, "डॉक्टर, हिला याच महिन्यात राहू द्या राव, न्हाईतर बोट चुकंल!" अशा किती थंड्या गेल्या. टीव्हीचासुद्धा रंग उडाला.

तोवर सराव विहिरीत. मामीच्या डोळ्यांना पोहायचा चष्मा, तोंडात ठिबकची नळी. ती पदर खोचून खालच्या पायरीवर बसायची आणि पाण्यात तोंड घालायची. वरून मामा ओरडायचा, "नाकानं न्हाई, तोंडानं श्वास घे! दिसलं का काय?"

"दिसलं. काळं हाये."

"तिकडं निळं दिसंल!"

मी लग्नाकार्यात ही नक्कल करायचो, तेव्हा सगळ्यात जास्त मामीच हसायची.

आणि एका थंडीत खरंच दोघी आटल्या! मामीनं पिशवी भरली, पारगावची मावशी वैरणपाणी बघायला यायला तयार झाली. मामा तिकिटं काढायला म्हणून आळेफाट्याला गेला, आणि संध्याकाळी टेम्पोतनं उतरला तो तिसरी गाय घेऊन. ताजी व्यायलेली.

मी कपाळ बडवलं. "मामा, हे काय केलंस?"

"भाच्या, डेरीपुढनं मोकळ्या हातानं जाववंना रं. समदी क्यान घेऊन रांगेत. इचारत्यात, भाऊ, गोठा मोडला का?" मग मामीकडं न बघता म्हणाला, "पुढच्या थंडीत नक्की."

मामीनं बादली विसळली आणि धारेला बसली. नव्या गाईनंही तिला लगेच पान्हा सोडला. तेवढी तरी आडमुठी निघायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विहिरीवर गेलो, तर मामी एकटीच खालच्या पायरीवर, चष्मा लावून, नळी तोंडात धरून, तोंड पाण्यात. बऱ्याच वेळानं वर आली. मला बघून कसंनुसं हसली. मी सवयीनं मामाच्या आवाजात विचारलं, "दिसलं का काय?"

"एक दिसला," मामी म्हणाली. "निळा व्हता."

मला अख्ख्या गावाचे आवाज काढता येतात. तो एक अजून जमलेला नाही.