पाव फेरा हवेत

अख्ख्या बंगळुरात आमच्या घरमालकांइतका ढिलेपणाचा वैरी दुसरा सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगतो! ढिल्या स्वभावाचा माणूस ते एक वेळ चालवून घेतील, पण ढिला स्क्रू त्यांना खपत नाही. पुण्याहून नोकरीसाठी आलो आणि बसवनगुडीतल्या त्यांच्या घराची गच्चीवरची खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, ऑफिस काही म्हणजे काही विचारलं नाही. सरळ हात पुढे करून माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, काड्या हलवून पाहिल्या, खिशातून इवलासा पेचकस काढून दोन्हीकडचे स्क्रू आवळले आणि चष्मा परत देत म्हणाले, "आता बघा खोली. नीट दिसेल." मी खोली घेतली.

त्यांचं मराठी घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. सगळी गल्ली त्यांना अण्णा आणि त्यांच्या बायकोला अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणतो. यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यातून अण्णा निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरातल्या बिजागऱ्या, नळ, पंखे आणि खुर्च्या यांना एक दिवस सुखाचा गेलेला नाही. एकदा स्कूटरचं हँडल किंचित हलतं म्हणून त्यांनी ते असं काही आवळलं, की स्कूटर वळेचना. भाजी आणायला गेलेल्या अण्णांचा तासाभराने फोन आला, "जे. पी. नगरला पोचलोय. वळायचं मनात होतं, जमलं नाही." अक्कांनी शांतपणे विचारलं, "मग तिथली कोथिंबीर कशी आहे?"

पण हे सगळे किरकोळ शत्रू. खरा शत्रू खाली शेडमध्ये होता. तिथे अण्णांचं जुनं लेथ मशीन होतं, लोखंड गरगर फिरवून त्याला कापून आकार देणारं. कारखान्याने टाकून दिलेलं हे धूड त्यांनी हौसेने घरी आणलं होतं. त्यातला हत्यार पुढे-मागे सरकवणारा लांब स्क्रू झिजला होता. त्यामुळे हँडल एका दिशेने फिरवून मग उलटं फिरवलं, की पहिला पाव फेरा नुसता हवेत. हत्यार जागचं हलायचं नाही. याला अण्णा 'बॅकलॅश' म्हणत, आणि भाऊबंदकीतल्या चुलत्याचं नाव घ्यावं त्या सुरात म्हणत.

अशातच अक्कांचे गुडघे गेले. पहिल्या मजल्यावरून उतरणं म्हणजे त्यांना शिक्षा होऊन बसली. डॉक्टरांनी जिने बंद करायला सांगितले आणि मुलाने सुचवलं, की शेडची खोली करून आईला खाली आणू या, मशीन भंगारवाल्याला देऊन टाकू. अण्णांना ते पटलं होतं. अक्कांसाठी त्यांनी घरसुद्धा हलवलं असतं. पण भंगार हा शब्द त्यांना फार लागला. "खोली होईल. मशीन जाईल. पण मशीन म्हणून जाईल, रद्दी म्हणून नाही," असं म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या. अक्का मला म्हणाल्या, "मशीन जायच्या आधी स्वल्प दिवस काढतायत हो. काढू देत."

मग सुरू झाला तो उत्सव! ऑफिसातून आलो की मी थेट शेडमध्ये. स्क्रू ज्या नटातून फिरतो तो पितळी नट अण्णांनी करवतीने मधोमध कापला आणि दोन तुकड्यांत असा एक छोटा स्क्रू बसवला, की तो फिरवला की तुकडे एकमेकांपासून दूर रेटले जावेत आणि त्यांनी झिजलेल्या आट्यांना दोन्ही बाजूंनी घट्ट धरावं. पाव फेऱ्याचा आठवा भाग झाला, आठव्याचा केसभर झाला. एका रविवारी तर काहीच उरलं नाही. शून्य! अण्णा अंगणात अक्षरशः नाचले. गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं, अक्कांनी वरून केसरीबात पाठवला, आणि सगळ्यांच्या देखत अण्णांनी हँडल मोठ्या ऐटीत फिरवत हत्यार पार टोकापर्यंत नेलं. तिथे ते अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. स्क्रू झिजतो तो रोजच्या वापराच्या मधल्या भागात, टोकं कोरी करकरीत राहतात. मधल्या मापाला आवळलेला नट टोकाला जाऊन घट्ट रुतला होता. तीस वर्षं कारखान्यात हेच शिकवत आलेल्या माणसाने आनंदाच्या भरात हेच विसरावं! रॉकेल ओतून नट सोडवेपर्यंत पाहुणे केसरीबात संपवून गेले होते. अण्णांनी नट किंचित सैल केला आणि पुटपुटले, "सरी, ठीक आहे. थोडी ढील ठेवायलाच लागते." त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकून मी हादरलो.

मशीन विकायची जाहिरात मी टाकली. चारपाच जण आले, अण्णांनी सगळ्यांना नापास केलं. मग येलहंक्याहून एक शिक्षिका आल्या. सुट्टीत घरी वाफेची छोटी इंजिनं बनवायच्या. अण्णांनी सांगितलं, हँडल बरोबर विसाच्या खुणेवर आणा. त्यांच्या हातून खूण थोडी ओलांडली गेली. कुणीही तेवढंच मागे घेतलं असतं. त्यांनी मात्र हँडल चांगलं अर्धा फेरा मागे नेलं आणि पुन्हा पुढे येत, ढील एका अंगाला बसवून, विसावर थांबवलं. झिजलेल्या यंत्राशी असंच वागायचं असतं, आणि हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. अण्णांचे डोळे भरून आले. "तगोंडु होगी," ते म्हणाले, घेऊन जा. टेम्पो निघताना त्यांनी बाईंना आपला नंबर तीनदा घोकायला लावला, "काही अडलं तर लगेच फोन करा. पहिल्या बसने येतो."

आता अक्का खाली असतात, खिडकीतून फुलवालीशी गप्पा मारतात, खूश आहेत. अण्णा शेजारी बसतात, फोन मांडीवर. दोन महिने झाले. परवा मी विचारलं, "आला का हो फोन येलहंक्याहून?"

"इल्ला," अण्णा ताठ बसून म्हणाले. "कसा येईल? काम पक्कं झालंय." आणि त्यांनी फोन उचलून चालू आहे की नाही ते पाहिलं.

बाईंचा नंबर माझ्याकडेही आहे. जिना चढता चढता वाटलं, त्यांना गुपचूप फोन लावावा आणि हात जोडून सांगावं, बाई, तेवढा एक स्क्रू ढिला करा हो.