सुंदरबाईचा मुराळी

खानदेशातल्या सासुरवाशिणीचे वर्ष आखाजीपाशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेपाशी, येऊन थांबते. माहेरचा माणूस न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. तो दारात दिसला की लेकीचे मन तिच्याआधी माहेरी पोहोचते. शिंदखेड्याच्या सुंदरबाईच्या दारी दोन आखाज्या मुराळी आला नाही. निंबाला झोके बांधले गेले, गौराईची गाणी झाली, आणि पन्नाशी ओलांडलेली ही माउली ज्वारीच्या बिबड्या वाळत घालता घालता माहेरच्या, पारोळ्याच्या वाटेकडे पाहत राहिली.

वडील गेले तेव्हा तेराव्याला ती भाऊबंदांसमोर म्हणाली होती, मला जमीन नको, फक्त मुराळी धाडत जा. भाऊ चुडामणने ते वचन मानले. पुढे ठिबकच्या अनुदानासाठी तो कचेरीत गेला, तर सातबाऱ्यावर त्याच्या नावाखाली बहिणीचे नाव! तिची संमती आणा, असे त्याला सांगितले गेले. तोंडाने सोडले आणि पाठीमागून नाव लावले, असे तो गावभर बोलला. मग निरोप आला: हक्कसोडपत्रावर सही कर, मुराळी येईल.

सुंदरबाई सही करायलाच निघाली होती. माहेर मिळत असेल तर शेताचा मोह कुणाला? पण कागदात काय आहे ते कळावे, म्हणून ती तालुका न्यायालयातल्या मोफत सल्ल्याच्या खोलीत गेली. वकील दिपमालाबाईंनी सगळे ऐकून घेतले. तोंडी सोडलेला हक्क सुटत नाही, नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मात्र सहजी मागे फिरत नाही, आणि वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा लेकाइतकाच, हे त्यांनी समजावले. ठिबकला सहहिस्सेदाराची संमती लागते; त्यासाठी हक्क सोडावा लागत नाही.

"पण अक्का, नाव तुम्ही लावलं का?"

"ताई, त्या कचेरीची पायरीसुद्धा मी चढले नाही."

"मग वारस नोंदीच्या फेरफाराची नक्कल काढा. अर्जाचीही मागा."

आठ दिवसांनी नक्कल हाती आली. अर्जदार खुद्द चुडामण! वारस नोंद करताना सगळे वारस लिहावेच लागतात, लेकीसकट. त्याने यादीवर न वाचता सही केली होती. आधी भावाला दाखवा, दिपमालाबाई म्हणाल्या, नाही ऐकले तर समेटासाठी अर्ज करू.

आखाजीच्या तोंडावर लेक न बोलावता माहेरी जात नाही. सुंदरबाई गेली. चुडामण ओट्यावर बसला होता.

"वाटा मोजाले उनी का, अक्का?"

"मोजानी साखळी नही आनी, भाऊ. हाऊ कागद देख. सही कोनी शे?"

त्याने कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

"मनीच शे," तो खालच्या आवाजात कबूल झाला. "बाप गयथा तवय, अक्का. अक्षर कोठे दिसे माले?"

भावजयीने पाणी आणले. सुंदरबाईने ठिबकच्या संमतीवर सही केली. हक्कसोडपत्र घडीतच राहिले, आणि त्याने ते पुढे सरकवले नाही. मुराळ्याचे तिने विचारले नाही. मागून घेतलेला मुराळी तो मुराळी कसला?

एसटी येईपर्यंत चुडामण फाट्यावर उभा होता. गाडी हलली तरी तो तिथेच होता. खिडकीतून हाक मारावी असे तिला फार वाटले. पण हाक मारण्याची पाळी आता त्याची होती.