शालूबाईंचा परत आलेला कोअर

शिवाजी पेठेत मीरासाब मिस्त्रींच्या गॅरेजपुढच्या बाकावर सकाळी जो कोणी चहाला टेकेल, त्याला शेजारच्या शालूबाईंचं एक वाक्य ऐकावंच लागे. "बावीस वर्सं कागलच्या फौंड्रीत कोअर केलं, पर माझा एकबी परत आला न्हाय!" कोअर म्हणजे वाळूचा साचा, त्याला लागून लोखंडाचा रस ओतला की इंजिनाचा ब्लॉक घडतो; कोअर चुकला की माल परत येतो. ऐकणारे गालात हसत. हसोत बापडे! असं एक वाक्य छातीठोकपणे म्हणता येणारी माणसं पेठेत कितीशी असतील?

जुनं इंजिन ओळखण्यात तर बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. वरचा रंग, झाकण, स्टिकर सगळं बदलता येतं. ब्लॉक ओततानाच अंगावर उमटलेले आकडे बदलत नाहीत. बाई त्यांवर खडू घासत, चष्मा सरसावत आणि इंजिनाची जात न् साल सांगून मोकळ्या होत. त्यांच्या शब्दावर लोक मीरासाबकडून इंजिनं नेत.

परवा कागलचा सिद्धराम आपली सोळा सालची जीप न्यायला आला. मीरासाबनं तिचं इंजिन उतरवून, डिझेलनं धुऊन लख्ख केलं होतं. दहा वर्षांचा चिकटा गेल्यावर आकडे पहिल्यांदाच उघडे पडले. सिद्धरामनं वाकून पाहिलं आणि ताठच झाला. तिथं ओतीव, ठसठशीत 91 होतं.

"मिस्त्री, एक्क्याण्णव सालचं इंजिन घातलासा व्हय ह्यात? माझं कुठं विकलासा?"

मीरासाबनं आरसी बुक काढलं, ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर जुळवून दाखवला. सिद्धराम ऐकेना. "ठोकल्याला नंबर घासून कुणीबी नवा ठोकतंय. ओतल्याला बदलत न्हाय, ह्या अक्काच म्हणल्यात की! उद्या अख्ख्या कागलात सांगतो, मीरासाब इंजिनं बदलतोय म्हणून."

तीस वर्षांचं नाव. मीरासाब एका जागी उभा राहून तोच ब्लॉक फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

बाकावर बसलेल्या शालूबाई उठून खडू घेऊन वाकल्या. एकाच्या आकड्याचं वरचं टोक खाली लोंबत होतं. अलीकडे तारीख होती, एक जानेवारी. बाईंना तो दिवस आठवला.

नव्या वर्षाची पहिली पाळी होती ती. कोअर घडवायच्या पेटीत सालाची छोटी पट्टी दोन स्क्रूंवर बसायची, ती त्यांनीच बदलली होती. दुपारी चूक फोरमनच्या ध्यानात आली, तोवर तीसेक ब्लॉक ओतून झाले होते. माल चोख होता म्हणून पुढे गेला, आणि बाईंची भीड म्हणून फोरमननं कुणाला सांगितलं नाही. बाकावरचं ते वाक्य इतकी वर्षं त्या भल्या माणसाच्या गप्प बसण्यावर चाललं होतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"काय कळंना बाबा," म्हणून चष्मा काढता आला असता. कुणाला पत्ताही लागला नसता. पण मीरासाबचं फडकं काही थांबत नव्हतं, आणि ते बाईंना बघवेना.

"पावणं, फोटो काढा न् मोबाइल उलटा धरा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "ब्लॉकवरचा त्यो एक बघा, डोक्यावर हुबा हाय का न्हाय? सोळाची पट्टी हाय ती. मीच उलटी बसवलीती. मिस्त्रीनं काय केलेलं न्हाय, चूक माझी हाय."

सिद्धरामनं मोबाइल फिरवला. 16. एक सरळ उभा राहिला. त्यानं आधी मीरासाबला हात जोडले, मग त्याला हसू आवरेना. "अक्का, म्हंजे तुमचा कोअर परत आला की वो!"

बाकावर हशा पिकला. बाईंचे कान तापले, पण किती वर्षांत नव्हतं इतकं हलकंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाकावर एक नवा पाहुणा टेकला. शालूबाईंनी बशीत चहा ओतला आणि सुरुवात केली, "बावीस वर्सं फौंड्रीत कोअर केलं. एकच परत आला."

जीपखालून मीरासाबचा आवाज आला, "आन् येळंवर आला!"