नारळ उठला ती जागा

"भाईर हो तिथनं! आधी भाईर हो, न्हाईतर ह्या पहारीनं तंगडी मोडतो तुजी!"

नाना माझ्यावर ओरडत होते. माझे डोळे बांधलेले, पाय अनवाणी, आणि तळहातावरचा नारळ शेंडी वर करून ताठ उभा. दिसत काहीच नव्हतं... पण पायाखाली ढेकळं लागेनात. गुळगुळीत सारवलेली जमीन लागली, आणि मी जागच्या जागी थांबलो. नानांच्या सहा एकरांत सारवलेली जागा एकच होती. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या पोराला, अमोलला, जिथे अग्नी दिला, ती. स्मारक व्हायचं होतं, तोवर चार कोपऱ्यांना चार दगड. आणि मी बरोबर त्यांच्या मधोमध!

आता आधी एक कबुली. भूत, देवी, अंगात येणं – माझा कशावरही विश्वास नाही. आणि मी पाणाड्या आहे! राहात्यापासून कर्जतपर्यंत असं एक गाव दाखवा जिथे मी नारळ फिरवून बोरची जागा दाखवली नाही. पण नारळ आपोआप उठत नसतो मंडळी. अंगठ्याच्या मुळाशी जरा दाबायचं, मनगट चोरून फिरवायचं, की उठतो. नेवाशाकडे तर एकाच्या पाइपलाइनवरच उठवला होता, आणि वर पुरणपोळी जेवून आलो. डोळ्यांना गमजा बांधतो तोही दिखावा. नाकाजवळच्या फटीतून सगळं दिसतं.

तर ही गोष्ट श्रीगोंद्याच्या पूर्वेची. अमोल तिथला. रोज पहाटे फॅक्टरीच्या रस्त्याला पळायचा. दोनदा सैन्याच्या भरतीत छाती कमी भरली, तिसऱ्यांदा पास झाला. पहिल्या मोठ्या सुट्टीत आला तो मित्रांत फिरला नाही... अकरा दिवसांत एकट्यानं तीनशे खड्डे खांदले आणि लिंबोणी लावली. पुढं लढाई पेटली आणि सीमेवर तोफगोळ्यानं गेला. चोवीस वर्षांचा. पेटी आली ती बंदच. उघडू दिली नाही. मावशीनं – त्याच्या आईनं – पोराचं तोंड पाहिलं नाही.

मागे राहिली ती झाडं. आणि तीही चालली होती. पाऊस लांबला, विहिरीचा तळ उघडा पडला, दोन बोर घेतले त्यातून नुसता धुरळा निघाला. मावशी घागरीनं पाणी घालायची, पण तीनशे झाडांना घागर कुठं पुरणार? मला बोलावलं ते तिनंच.

मी सकाळीच येऊन हेरून ठेवलं होतं. ओढ्याच्या कडेला उंबर हिरवागार. तिथं पाणी लागलं तर लागलं, नाही लागलं तर उंबराला दोष! घरापासून सरळ पश्चिमेला एकशे दहा पावलं, मोजून. भर दुपारी बारा वाजता गमजा काढला, तर मावशी म्हणाली, "त्यो ऱ्हाऊ द्या, पावनं. तुमच्या गमज्यातनं लई दिसतंय." आणि स्वतःचं फडकं दोन पदर करून असं करकचून बांधलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

चाललो. पावलं मोजत. एकशे दहाव्या पावलाला अंगठा दाबायचा... ऐंशीवरच नारळ उठला. अंगठा हलला नव्हता हो! आणि वर ही आरोळी.

"नाना, चुकलं," मी फडकं सोडत म्हणालो. "डोळं बांधल्यावर मानूस वाकडा चालतो. परत चालतो."

"परत चाला," मावशी म्हणाली, आणि मला हाताला धरून थेट विहिरीकडनं उभं केलं. पुन्हा फडकं. पुन्हा तीच सारवलेली जमीन, पुन्हा नारळ ताठ.

तिसऱ्यांदा मी आयुष्यात केलं नाही ते केलं. नारळ पाडायला जोर लावला! दुसरा हात वर ठेवून दाबला. माझं वजन पंच्याऐंशी किलो, तालमीत घाम गाळलेला माणूस मी... तो हाताखालून वर आला. सावकाश. कुणीतरी खालून उचलावा तसा.

नाना पहार टाकून मटकन खाली बसले. "पोराच्या छातीवर मशीन लावू का गं मी?"

मावशीनं सुकत चाललेल्या लिंबोणीकडं हात केला. मग म्हणाली, "फोन आला की आदी झाडांचं इचारायचा. मंग माजं. झाडं जळाली तर काय ऱ्हायलं त्याचं हितं? दगडं?"

चारही दगड नानांनी स्वतः उचलून बांधावर नेले. कुणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. बोर सुरू झाला की खालच्या खडकाची पांढरी भुकटी उडते, सगळ्यांच्या अंगावर बसते. आम्ही झटकत होतो. नाना झटकत नव्हते. डोकं, मिशा, खांदे पांढरे करून तसेच उभे. दोनशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. गावोगाव मी पाच इंची सांगतो, पण इथे खरं लिहितो – अडीच.

त्यानंतर मी सहा महिने नारळ फिरवला नाही. एका भूजलवाल्या साहेबांना विचारलं, ते हसले. अंगठा तपासला, मनगट तपासलं, एकट्यानं त्याच नारळावर शंभरदा प्रयोग केला. दाबल्याशिवाय उठत नाही तो! त्या दिवशी काय झालं, मला आजही सांगता येत नाही.

परवा त्या रस्त्यानं गेलो होतो. बाग हिरवीगार, लिंबं लगडलेली, मोटर चालू. मावशी आळ्यांत पाणी सोडत होती. चार दगड बोरभोवती परत लावलेले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मावशी, पानी गोड हाय का?"

"झाडास्नी चालतंय," ती म्हणाली. "आमी पीत न्हाई."