मामांची सक्तीची विश्रांती

माझ्या आत्याच्या यजमानांनी विश्रांतीसाठी जेवढे कष्ट उपसले, तेवढे त्यांच्या मुरुम गावात कुणी विहीर खणायलाही उपसले नसतील. आम्ही भाचरं त्यांना मामा म्हणत असू. जन्मभर त्यांनी तहसील कचेरीत पेशकाराची कारकुनी केली. निजामाच्या काळात उर्दूत आणि विलीनीकरणानंतर, पंचेचाळिशी उलटल्यावर पुन्हा बाराखडी गिरवून, मराठीत. कागद मराठी झाले तरी मामा मनानं कचेरीतच राहिले. घरात पाहुणा आला की त्याची ‘कैफियत’ घेतली जाई, स्वयंपाकघराचा ‘मुआयना’, म्हणजे तपासणी, होई आणि आत्यानं मीठ संपल्याचं सांगितलं की मामा म्हणत, “दरखास्त मंजूर.” दहाच्या मोटारीसाठी ते सातला अड्ड्यावर जाऊन बसत. लोणच्याच्या कैऱ्या फोडताना फुटपट्टी घेऊन जवळ उभे राहत आणि एखादी फोड मोठी निघाली की आत्याकडे असं बघत, जणू तिनं सरकारी दप्तरात खाडाखोड केली आहे. दुपारी मात्र वीस मिनिटं झोपायचा त्यांचा नेम होता. त्यासाठी ते गजर लावत आणि गजर बरोबर वाजतो की नाही हे बघायला दोन मिनिटं आधीच उठून घड्याळासमोर बसत. वाजला की समाधानानं मान हलवून म्हणत, “झाली झोप.”

ते पेन्शनीत निघाले त्याच वर्षी, दिवाळीनंतर, आत्याला मुदतीचा ताप आला. चाळीस दिवस ती अंथरुणाला खिळली होती. ताप उतरला तेव्हा तिचे केस गेले होते, आवाज गेला होता आणि तुळशीपर्यंत जायलाही भिंत धरावी लागत होती. पण सवय अशी की जरा डोळा चुकला की ती चुलीपुढं. एकदा दूध उतू चाललं म्हणून उठली आणि तिथंच भोवळ येऊन पडली. डॉक्टर आले. त्यांनी मामांना बाजूला घेतलं. “औषध पुरं झालं. आता हवापालट करा. पंधरा दिवस कुठंतरी न्या आणि चूल नजरेला पडू देऊ नका. ताप उलटला तर माझ्याच्यानं काही होणार न्हाई.” मामांनी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं, डॉक्टरांना वाचून दाखवलं आणि खाली त्यांची सही घेतली. डॉक्टर गेल्यावर तोच कागद हातात धरून ते बराच वेळ ओसरीवर उभे होते, असं त्यांची धाकटी मुलगी शकू मला नंतर सांगत होती.

माझे वडील म्हणजे आत्याचे भाऊ. आम्ही बेंबळीला राहायचो. वडिलांनी निरोप धाडला की तिला आमच्या मळ्यात आणून ठेवा, हवा चांगली आहे. मामांनी उलट टपाली कळवलं, “हवा तीच. मग पालटलं काय?” मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यावर उमरग्याला मामांच्या कचेरीत कोकणातले एक साहेब बदलून आले होते. त्यांच्या एक दूरच्या काकू रत्नागिरीच्या पलीकडं समुद्राकाठी एकट्या राहत. त्यांच्या घरातल्या दोन खोल्या मामांनी पत्रानं ठरवल्या. आमच्या सात पिढ्यांत समुद्र कुणी पाहिला नव्हता. मामांनी त्याची तयारी ज्वारीच्या पिठापासून सुरू केली. पीठ, शेंगदाण्याची चटणी, खारोड्या, चार घोंगड्या, कंदील, मुरुमच्या पाण्यानं भरलेली तांब्याची कळशी, आणि वर पन्नास हात दोरी व पोहरा. शकूनं विचारलं, “आप्पा, दोरी कशाला?” मामा म्हणाले, “पाण्याला चाललोय आपण.” आत्याच्या सोबतीला म्हणून मला बेंबळीहून बोलावून घेतलं. मी तेव्हा वीस वर्षांची होते, मास्तरणीच्या ट्रेनिंगला जागा मिळायची वाट बघत घरी बसले होते. असे आम्ही चौघं माघात निघालो. सोलापूर, कुर्डुवाडी, छोट्या गाडीनं मिरज, मग कोल्हापूर आणि घाट उतरणारी मोटार. घाटात सगळ्यांना मळमळलं. मामांना सोडून, कारण ते वळणं मोजत होते.

समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा दुपार कलली होती. नारळीच्या खोडांमधून एकदम तेवढं मोठं पाणी समोर आलं. आत्यानं कपाळाला हात लावून नमस्कार केला. मामा बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि छत्री अशा वेषात वाळूवर उभे राहिले, डावीकडून उजवीकडं सावकाश नजर फिरवली आणि म्हणाले, “एवढं पाणी, आणि याच्यावर कुणी माणूस नेमलेला दिसत न्हाई.” ही अव्यवस्था त्यांच्या मनाला फार लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी छत्रीच्या टोकानं वाळूत एक लांब रेघ ओढली आणि सांगितलं, पाणी इथवर येतं, आपण हिच्या अलीकडं बसायचं. घोंगडी अंथरली. तासाभरात भरती आली आणि रेघ, घोंगडी, मामांचा डावा जोडा, सगळं भिजवून गेली. मामा उजवा जोडा हातात घेऊन मागं सरले, आणखी एक रेघ ओढली. तीही गेली. तिसऱ्या रेघेनंतर ते घरमालकीण काकूंकडे तक्रार घेऊन गेले. काकू सत्तरीच्या, ठेंगण्या, खुरप्याच्या पात्यासारख्या तरतरीत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, तो रोजच येतो नि जातो. तुम्ही सरका.”

मग विश्रांतीचं वेळापत्रक भिंतीवर लागलं. सहा ते सात समुद्रदर्शन. सात ते साडेसात दूध. साडेसात ते नऊ विश्रांती, प्रकार पहिला, म्हणजे बसून. दहा ते अकरा विश्रांती, प्रकार दुसरा, म्हणजे पडून. आत्या बाजेवर पडली की दर पंधरा मिनिटांनी दारातून मामांचं डोकं आत येई. “झाली का विश्रांती?” आत्या डोळे मिटून म्हणे, “होत आलीय.” डोकं जाई आणि पुन्हा येई. एकदा तिला खरोखरच झोप लागली होती, तर मामांनी तिला हलवून उठवलं आणि झोप लागली होती का ते विचारून घेतलं. चौथ्या दिवशी आत्या मला हळूच म्हणाली, “तापात असताना बरं होतं गं. तेव्हा तरी हे जवळ यायला भ्यायचे.”

जेवणाची आणखी तऱ्हा. काकूंच्या घरी दोन्ही वेळ भात, वर नारळाची आमटी. मामांचं सगळं आयुष्य भाकरीवर गेलेलं. पहिल्या दिवशी ते भाताकडे बघून म्हणाले, “भातानं पोट भरतं, पण भरल्याचं कळत न्हाई.” काकूंना ज्वारीची भाकरी थापता येईना आणि आमच्या दोघींच्या भाकऱ्यांना मामा ‘नकाशे’ म्हणत. पाचव्या दिवशी सकाळी मामा समुद्रदर्शन करून परत आले तर काकूंच्या चुलीपुढं आत्या. कपाळावर घाम आणि तव्यावर गोल, टम्म फुगलेली भाकरी. “तुमचे हाल बघवत न्हाईत,” ती म्हणाली. मामांनी तिला धरून बाजेवर नेऊन बसवलं. मग पिठाचा अख्खा डबा उचलला, परसात गेले आणि सगळं पीठ काकूंच्या गाईपुढं ओतलं. दुपारी त्यांनी भात मागून घेतला, दुसऱ्यांदाही घेतला आणि आत्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काकू, तांदूळ चांगला आहे हो तुमचा.” त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मला आणि शकूला पानावरून उठून जावंसं वाटलं.

सहाव्या दिवसाची गोष्ट मात्र मी अजून विसरले नाही. डॉक्टरांना आत्याच्या तब्येतीचा अहवाल पाठवायला मामा दुपारी टपाल कचेरीत गेले होते. मी आणि शकू पडवीत झोपलो होतो. जाग आली ती मामांच्या हाकेनं. बाज रिकामी होती. परसात नाही, विहिरीवर नाही, काकूही घरात नाहीत. “कुठं गेली?” मामांनी विचारलं. ते तसेच वळले आणि समुद्राकडे चालू लागले, मग धावू लागले. टोपी खुंटीवरच राहिली. उघड्या डोक्यानं घराबाहेर पडलेले मामा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. आम्ही दोघी मागून पळालो.

वाळूवर कुणी नव्हतं. पाण्याच्या अगदी कडेला आत्याच्या वहाणा तेवढ्या पडल्या होत्या. एक लाट येऊन त्यांना हलवून गेली. मामांनी वाकून त्या उचलल्या. शकू रडायला लागली. मग मामांनी हाक मारली, “गोदा. अगं गोदा.” तीस वर्षांच्या संसारात त्यांनी आत्याला ‘ऐकलं का’ याखेरीज दुसऱ्या नावानं हाक मारलेली आम्ही ऐकली नव्हती. शकूला तर क्षणभर कळलंच नाही की आपल्या आईला बोलावतायत.

“काय झालं?” असं खडकांच्या पलीकडून आलं, आणि पाठोपाठ हसू. आम्ही वळसा घालून गेलो. खडकांच्या आडोशाला पाणी उथळ होतं. त्यात काकू आणि आत्या मांडी घालून बसल्या होत्या, कमरेपर्यंत पाण्यात. आत्याचा पदर खोचलेला, नुकते उगवलेले बोटभर केस ओले होऊन डोक्याला चिकटलेले. लाट आली की दोघी थोड्या हलत आणि पुन्हा जागेवर बसत. आत्याचा चेहरा मी कित्येक महिन्यांत तसा पाहिला नव्हता.

मामा कोटासकट पाण्यात शिरले. “न सांगता आलीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही वेळ नेमून दिली असती,” आत्या म्हणाली.

“आणि मी आहे की सोबत,” काकू म्हणाल्या. “मी रोज येत्ये इथे. एवढं घाबरायला काय झालं?”

“मला वाटलं…” मामा म्हणाले. हातातल्या वहाणा त्यांनी छातीशी धरल्या होत्या. आत्यानं त्या पाहिल्या. तिचं हसू थांबलं. तेवढ्यात मागून लाट आली आणि मामा धपकन तिच्या शेजारीच पाण्यात बसले. धोतर फुगून वर आलं. ते उठायची धडपड करू लागले, तसा आत्यानं त्यांच्या दंडाला हात लावला.

“बसा,” ती म्हणाली.

“किती वेळ?”

“ते विचारायचं न्हाई.”

आणि मामा बसले. काकू उठून घराकडं निघाल्या आणि जाताना आम्हा दोघींनाही डोळ्यांनी खुणावून घेऊन गेल्या. मी मागं वळून पाहिलं तेव्हा दोघं पाठमोरी होती. एक डोकं टकलाचं, एक बोटभर केसांचं. लाट आली की दोन्ही हलत होती.

त्या दिवसापासून मामा अगदी बदलले असं म्हटलं तर ते खोटं होईल. उरलेले दिवस ते आत्याबरोबर रोज पाण्यात जाऊन बसत, पण लाटा मोजत. सातवी लाट मोठी असते असं काकूंनी सांगितलं होतं, ते त्यांना तपासून बघायचं होतं. नववीही मोठी निघते म्हणून त्यांचा काकूंशी वाद झाला. परत निघताना मोटारीच्या तीन तास आधी आम्हाला अड्ड्यावर नेऊन बसवलं ते बसवलंच. पण आत्या आता भिंत न धरता चालत होती. मुरुमला पोचल्यावर डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मामांना म्हणाले, “आता तुम्ही हिची काळजी सोडा.” मामांनी हे मात्र लिहून घेतलं नाही.

त्यानंतर मामांनी एक रिवाज पाडला. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ते आणि आत्या अंगणात कडुलिंबाखाली बसत. हातात काम नाही, तोंडी बोलणं नाही. शेजारचे विचारत, काय चाललंय, तर मामा म्हणत, “काही न्हाई.” हे दोन शब्द त्यांच्या तोंडून ऐकायची गावाला सवय नव्हती.

सात वर्षांनी मामा गेले. झोपेतच गेले, कुणाला काही कळायच्या आत. कसलीही तयारी न करता केलेली त्यांची ही एकच गोष्ट. मी तेव्हा तुळजापूरला शाळेत शिकवत होते. दिवस झाल्यावर पाहुणे पांगले, मी आत्याजवळ राहिले. संध्याकाळी ती अंगणात जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले आणि तिला बरं वाटावं म्हणून काहीबाही बोलू लागले. शाळेचं, पोरींचं, पावसापाण्याचं. आत्यानं माझ्या दंडावर हात ठेवला.

“बोलू नको,” ती म्हणाली. “नुसती बस.”

लिंबाखाली ऊन उतरत होतं. कुणाची तरी गुरं घराकडं चालली होती. आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत बसून राहिलो.