तोंडाचाही फोटो

सरकारी रुग्णालयात नोंदीसाठी आजारांचे फोटो काढणं, हे माझं काम. परवा लहान मुलांच्या वॉर्डातून बोलावणं आलं. काही दिवसांची मुलगी आईच्या मांडीवर पालथी झोपली होती. कमरेच्या वर लिंबाएवढा मऊ फुगवटा होता. पोटात असतानाच मणका नीट मिटला नव्हता आणि मज्जारज्जू त्या फटीतून बाहेर आला होता. ऑपरेशनआधी त्याची नोंद हवी होती.

मी मोजपट्टी धरून पाठीचे फोटो काढले आणि निघालो. तेवढ्यात आईनं मुलीला अलगद कुशीवर वळवलं.

"आता तोंडाचा काढा."

"ताई, तो लागत नाही."

"तुम्हाला नसेल लागत. सकाळपासून जो येतो तो पाठ बघून जातो. माझी मुलगी कुणी बघितली का?"

मी शेजारी उभ्या असलेल्या वॉर्डच्या डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "काढा. फाइलीत पहिला तोच लावू."

नोंद हवीच, त्याशिवाय उपचार कसे व्हायचे? पण दुखणं टिपता टिपता माणूस चौकटीबाहेर राहतो आणि आपल्याला त्याची सवय होते. या बाईनं ती सवय साफ धुडकावली. मुलगी पुढे चालेल का, हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं. तरी तिचा आवाज जराही कापला नाही.

कॅमेरा समोर धरला आणि मुलीनं भलीमोठी जांभई दिली. मी थांबलो.

"थांबता कशाला?" आई म्हणाली. "जांभईसकट घ्या. तिचीच आहे ती."